उजवा प्रसाद

आमच्या धारगळच्या घरात आमवात दोघांना होता: आईला आणि बाबांच्या धाकट्या भावाला, म्हणजे काकाला. सकाळी दोघांचीही बोटं वळत नसत. काका ओसरीवर गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायचा. ती बादली आई आणून द्यायची. तिची बोटं कामानेच सैल होतात असा घरात समज होता, आणि तिनेही तो कधी खोडून काढला नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराला काका रोज संध्याकाळी हमरस्त्यावरच्या चहाच्या दुकानात मराठी-कोकणीवर वाद घालत असे. बाजू तो मराठीची घ्यायचा, तीही अस्सल पेडण्याच्या कोकणीत. अशाच एका वादात बोलता बोलता त्याने छाती दाबून धरली आणि घामाने डबडबला. पुढचं सगळं झटपट झालं. विरुद्ध बाजूच्या माणसाकडे टॅक्सी होती, त्याने ती थेट म्हापशाला हाणली. शेजारीच आमचं किराणा दुकान. बाबा फळ्या न लावताच गाडीत बसले. हृदयविकाराचा झटका निघाला, काका वाचला. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि चहा करून करून आईचा जीव मेटाकुटीला आला.

पुढच्या वर्षी आईचा जबडा दुखायला लागला. मग पाठ. घागर उचलताना तिला दम लागे. छातीत दुखतंय असं ती म्हणाली नाही, कारण दुखत नव्हतं. काका म्हणाला, "वयनी, तो तुजो वातच. तेल लाय आनी शेक घे." अनुभवाचा माणूस, त्याचं कोण खोटं मानणार? तेल लागलं, शेक झाला, आणि आई पुन्हा चुलीपाशी गेली.

खूप पुढे मला स्वतःला आमवात निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हा रोग सांध्यांत थांबत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही धरतो, आणि बाई-पुरुष बघत नाही. पण बायकांचं हृदयाचं दुखणं पुष्कळदा आडवाटेने येतं. सांधे आधीच दुखत असले की सगळं त्यांच्याच माथी मारलं जातं. पुरुष दवाखान्यात पोचतात, बायका घरी मरतात. शेवटचं वाक्य बाईंचं नाही, माझं.

एका सकाळी आई चुलीपुढून उठली आणि भिंतीला टेकून बसली. तोंड राखेसारखं झालं होतं. मी ओळखत होते तेवढ्या काळात पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं. "माका दोतोराकडे व्हरा," ती म्हणाली.

बाबांनी ते ऐकलं. बाबा वाईट नव्हते, आईवर त्यांचा जीव होता. पण आमच्याकडे ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही ती देवापुढे ठेवतात. विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, गाय घ्यायची, सगळ्याला प्रसाद लावायचा. भटजी ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. काकाचं दुखणं कोणालाही दिसत होतं. आईचं वाताचं की आणखी कसलं ते कळत नव्हतं, म्हणून तिला डॉक्टरकडे न्यायचं का, हे देवाला विचारणं बाबांना रास्त वाटलं. आंघोळ करून, सोवळं नेसून ते देवळात गेले.

पाकळी बराच वेळ पडेना, असं नंतर कळलं. इकडे मी आईला धरून बसले होते. "गाडी आयली?" तिने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग विचारायची थांबली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. मला इतका राग आला होता की रडू यायला वेळ लागला.

बाबा टॅक्सी घेऊनच आले. हातात प्रसादाचं फूल होतं. "उजवो दिलो," ते उंबरठ्यावरूनच म्हणाले. देवाने बरोबर सांगितलं होतं.

तिचे दिवस झाल्यावर मी बाबांना विचारलं, "काकाच्या वेळार प्रसाद लायल्लो?"

बाबांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. त्यांना प्रश्न खरोखरच सोपा वाटला.

"तेन्ना वेळ खंय होतो गो?"