आबांनी पारखून घेतलेला कॅमेरा

बीडच्या दवाखान्यात आबांना शेवटचं भेटले, तेव्हा ते सलाईनच्या बाटलीकडे टक लावून पाहत होते. मी स्टूल ओढून बसले, कसं वाटतंय विचारलं, तर म्हणाले, “सूनबाई, त्या बाटलीवरची तारीख वाच बरं. ही नर्स लई गोड बोलती.” मी तारीख वाचून दाखवली. “नीट वाचलीस का?” मी पुन्हा वाचली. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून माझ्या यजमानांचा फोन आला. म्हणाले, “आबा गेले.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नक्की ना?” …नंतर त्या शब्दांची लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं. आबांनी तरी दुसरं काय विचारलं असतं?

आबा माझे सासरे. पाटोद्यापासून पुढे, डोंगरावरच्या आमच्या गावात दूध संस्थेचे सेक्रेटरी होते ते, संस्था होती तोवर. गाव त्यांना माघारी ‘सीआयडी’ म्हणायचं. दूध घालायला आलेल्या माणसाचं दूध ते आधी हुंगायचे, मग अंगठ्याच्या नखावर थेंब टाकून बघायचे आणि मगच मापात घ्यायचे. पुन्हा ते माणसाच्या तोंडाकडे बघायचे, तोंडावर पाणी दिसतंय का ते पाहायला. मी गेवराईची, बारावी झालेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात मला ऐकू जाईल अशा बेतानं ते सासूबाईंना म्हणाले होते, “शिकल्याली हाय. टिकती का न्हाई, देव जाणे.” मी पीठ मळत होते. तेव्हापासून मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. एका घरात दोन सीआयडी झाले.

त्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस हुकला. संस्थेनं सभासदांना संकरित गाई घेऊन दिल्या होत्या. प्रत्येक गाईचा विमा होता, आणि कानात आकडा छापलेला बिल्ला. पाणी टँकरचं, वैरण नाही, त्यात या गाई नाजूक. एकेक पडायला लागली. विम्याचा क्लेम करायचा तर मेलेल्या गाईचा फोटो लागायचा, आणि त्यात कानातल्या बिल्ल्याचा आकडा वाचता आला पाहिजे. फोटोग्राफर पाटोद्याहून यायचा, त्याच्या सवडीनं. तोवर मेलेलं जनावर उन्हात पडून असायचं, कुत्री हाकलत घरची माणसं बसायची. एवढं करून फोटो यायचा तो धुरकट. विमावाल्यांना वाटायचं मुद्दामच धुरकट काढलाय. क्लेम परत. गावाला वाटायचं विमावाले चोर. आणि आबांना वाटायचं, फोटोग्राफर दोघांनाही सामील आहे.

“आपुन सोताचाच कॅमेरा घ्यायचा,” एक दिवस ते जेवताना म्हणाले. संस्थेच्या बैठकीत चेअरमननी लगेच विचारलं, “सेक्रेटरीला कॅमेरा कावून पायजे?” झालं. संस्थेतून काही मिळणार नाही हे कळलं. आबांनी घरची एक शेळी विकली आणि जे आले तेवढ्यातच कॅमेरा बसवायचा असं ठरवलं. मला बरोबर घेतलं, कारण कॅमेऱ्यावरचं इंग्रजी वाचणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. एस.टी.त ते माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसले आणि बीड येईपर्यंत दर थोड्या वेळानं मागे वळून बघत राहिले. मी गेवराईच्या गाडीत तर चढले नाही ना!

पहिल्या दुकानात नवा कोरा, चकचकीत, नुसतं बटण दाबायचा कॅमेरा होता. शेळीच्या पैशात सहज बसत होता. मला फार आवडला. आबांनी सदऱ्याच्या खिशातून एक जुना बिल्ला काढला. “ह्याचा फोटू येतो का ह्यानं?” दुकानदार म्हणाला, “सगळ्याचा येतो, बाबा.” आबांनी बिल्ला खिशात घातला आणि उठले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “चांगला होता की.” तर म्हणाले, “सगळ्याचा येतो म्हनतो. त्याला आपला बिल्ला दिसलाच न्हाई.” नंतर कळलं, त्या जातीच्या कॅमेऱ्याला जवळचं नीट दिसतच नाही. माणसं उभी करून काढा, छान येतील. जवळ गेलात की सगळं धुरकट. पाटोद्याच्या फोटोग्राफरकडे तसलाच कॅमेरा होता. म्हणजे तो बिचारा कुणालाच सामील नव्हता… पण हे आबांनी कधी मान्य केलं नाही.

दुसऱ्या दुकानातला कॅमेरा पाहिजे तसा होता, पण त्यात आमचा गोठा गेला असता. तिसरं दुकान म्हणजे एक जुना स्टुडिओ. मालक रफिकभाई, आबांच्याच वयाचे. त्यांच्या कपाटात एक वापरलेला कॅमेरा होता. भिंगाभोवतीच्या कड्यावर अंतराचे आकडे. ज्या अंतरावरचं काढायचं तो आकडा जुळवायचा. दोन हातांवरचंही स्वच्छ येतं म्हणाले. उजेड मोजणारा काटा बंद पडलेला, फ्लॅश नाही. म्हणून स्वस्त. आबांनी तो उलटापालटा करून बघितला, हुंगला, कानाशी हलवला.

“काटा बंद हाय मंग उजेड कसा कळायचा?”

“रीळ के डब्बे पे तस्वीर है ना, चाचा. धूप हो तो ये, बादल हो तो वो.”

“ढग कुठं हायेत?” आबा म्हणाले. रफिकभाई पहिल्यांदा हसले.

पण रोल काढून, धुऊन बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, यावर आबा अडून बसले. रफिकभाईही कमी नव्हते. “ले जाव. लेकिन कुछ रख के जाव.” दोघं संशयी म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मी माझं मनगटी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. माहेरचं होतं ते. परतीच्या गाडीत आबा माझ्या शेजारी बसले.

अंतर डोळ्यानं कळेना, म्हणून आबांनी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला दोन हात सुतळी बांधली. सुतळीचं टोक बिल्ल्याला टेकवायचं, सुतळी ताणायची, मग सोडून बटण दाबायचं. आबांचा हात कापायचा, म्हणून फोटो मीच काढायचे. रोल मोठा आणि बिल्ले दोन. उरलेल्यात काय काढायचं? मी सासूबाई काढल्या, चूल काढली, टँकरमागे धावणाऱ्या बाया काढल्या. रोल धुवायला गेलो तेव्हा आबा अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहिले, रोल बदलू नये म्हणून. फोटो बाहेर आले. बिल्ल्याचा आकडा लख्ख! आबांनी खिशातल्या बिल्ल्याशी तो ताडून पाहिला. मग पुढचा फोटो हातात घेतला. सासूबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तो त्यांनी आकड्यापेक्षा जास्त वेळ पाहिला. “हिला हसायला काय झालंतं?” एवढंच विचारलं. कॅमेरा घेतला, माझं घड्याळ मला परत मिळालं.

गावात मात्र वेगळंच पसरलं. सेक्रेटरीची सून कुणाकडे किती जनावरं आहेत त्याचे फोटो काढून वर पाठवणार, मग छावणीतला चारा बंद होणार. मी कॅमेरा घेऊन निघाले की गल्लीतली गुरं दावणीची सोडून आत कोंडली जायची. बाया पदर ओढायच्या. पण रोल संपल्याशिवाय धुता येत नाही, आणि देवाच्या दयेनं रोल भरतील इतक्या गाई मरत नव्हत्या. क्लेम अडायला नको म्हणून उरलेले फोटो मी कुणाकुणाचे काढायचे: शाळेत निघालेली लेकरं, पारावरची माणसं, भाकरी थापणारी शेजारीण. फोटो हातात पडायला लागले तशी दारं उघडली. पहिले चेअरमनच आले, फेटा बांधून. आबांना तेही खपत नव्हतं. कॅमेरा संस्थेच्या लोखंडी कपाटात, किल्ली त्यांच्या करदोड्याला, आणि संध्याकाळी विचारणा: “आज कुनाकुनाचा काढला? कावून?”

उन्हाळा सरत आला होता. आबा वैरणीची गाडी ठरवायला गेवराईकडे गेले होते. कुणाची गाय पडलीच तर म्हणून त्या दिवशी किल्ली यजमानांकडे देऊन. सकाळी आमची एक गाय मेली. माझ्या यजमानांनी मला हाक मारली. “कॅमेरा आण. डॉक्टर उद्या येणार, तोवर ठेवता येत न्हाई.” मी गोठ्यात गेले आणि थबकले. ही गाय आमची दुसरी. हिचा विमा नव्हता. विम्याची थोरली गाय तेलगावला त्यांच्या मावशीकडे पाठवली होती, उसाचं वाढं मिळतं म्हणून; यजमान आदल्याच दिवशी तिला बघून आले होते. दोघींचा रंग सारखाच काळा-पांढरा. आणि हिच्या कानात बिल्ला होता. मी सुतळीचं टोक टेकवलं. बिल्ल्याभोवती ओलं रक्त होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. “सगळं गाव हेच करतंय,” ते म्हणाले. “काढ.”

काय करायला हवं होतं मी? नवऱ्याविरुद्ध सासऱ्याकडे जाऊन बोलायचं, तर त्या घरात राहायचं कसं? आणि गप्प बसायचं, तर ज्यांचे क्लेम खरे होते त्यांच्या प्रत्येक फोटोवर उद्या संशय येणार. मी सुतळी ताणली, आकडा जुळवला आणि फोटो काढला. नेहमीपेक्षा जास्त काळजीनं काढला.

रोल धुऊन आल्यावर आबांनी तो फोटो उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग यजमान शेतात गेल्यावर मला पडवीत बोलावलं.

“हे रगत तुला दिसलंतं का?”

“दिसलंतं, आबा.”

“मंग फोटू कावून काढला?”

“काढला म्हणून तर तुमाला दिसलं.”

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते दूध घालणाऱ्यांकडे पाहायचे. त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारलं नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाले, “थोरली गाय तेलगावहून उद्या घेऊन ये. तिच्या कानात बिल्ला घालायचाय.” यजमान मान खाली घालून निघून गेले. आबांनी बैठकीत सांगितलं, आमच्या घरचा क्लेम जाणार नाही. कारण सांगितलं नाही. मग गावाला संशय आलाच. मरणाच्या वर्षात कुणी पैसे सोडतं का? नक्की काही मोठा डाव असणार. कुणी म्हणे चेअरमन व्हायचंय. जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतलेल्या माणसानं तो संशय मुकाट्यानं अंगावर घेतला. यजमान माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, उठायचे.

पुढच्या वेळी कुणाची गाय पडली, तेव्हा आबांनी करदोड्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. “तुज्याकडंच राहू दे.” माझे डोळे भरून आले. अर्थात रोज संध्याकाळी माझ्याकडून कपाट उघडून घेऊन कॅमेरा जागेवर आहे का, हे ते बघायचेच!

दुष्काळ सरला. संस्था पुढे आपसातल्या भांडणात बंद पडली, खासगी डेअरीच्या गाड्या दारात यायला लागल्या. मी पाटोद्यात छोटा स्टुडिओ काढला. जागा यजमानांनीच शोधली, पाटीही त्यांनीच रंगवली. त्या गाईबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. अजूनही पोरं-पोरी येतात. पैसे थोडे आहेत, पहिला कॅमेरा कोणता घेऊ, विचारतात. मी विचारते, कशाचा फोटो काढायचाय, आणि किती जवळून? आधी ते ठरव, मग दुकानात जा. रोजचं काढायचं असेल तर साधा चालेल, जुना चालेल, पण घ्यायच्या आधी त्यावर चार फोटो काढून बघ. हे काही माझं शहाणपण नाही.

शेवटच्या वर्षांत आबांना साखरेचा आजार झाला. चहा बिनसाखरेचा. त्यांना खात्री होती की आम्ही स्वतः गोड पितो आणि त्यांना फसवतो. मी दोन कप आणून ठेवले की ते माझ्याकडे न बघता कप बदलायचे. पहिल्यांदा त्यांनी माझा गोड चहा पिऊन टाकला आणि साखर वाढली. म्हणून मी माझ्याही कपात साखर घालणं सोडलं. पुष्कळ दिवस ते कप बदलत राहिले. मग एकदा दोन्ही कपांतला घोट घेऊन म्हणाले, “तूबी असलाच पेतीस व्हय?” मी म्हटलं, “व्हय.” दुसऱ्या दिवसापासून ते समोरचा कप घ्यायला लागले.

दवाखान्यात न्यायच्या सकाळी त्यांनी पुन्हा कप बदलला. मला हसू आलं. “हसायला काय झालं?” ते म्हणाले. “एकदा बघितल्यालं बरं आसतं.”

आता घरात कुणाला साखर वर्ज्य नाही. यजमान रोज म्हणतात, घाल की चमचाभर. मी डबा उघडते, आणि पुन्हा झाकण लावून ठेवते.