रंगाऱ्याच्या घरच्या झडपा

आमचे हे रंगारी. लोकांची घरं रंगवतात. आणि रंगारी माणूस घर बघतो ते समोरच्या फुटपाथवरून, मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्याआधी त्यांनी आमच्या भिंतीची ओल बघितली होती. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

यांचं दुकान नाही, की कसली पाटी नाही. स्वतःचं घर हीच पाटी. कुणी काम द्यायला आलं की त्याला रस्त्यावर उभं करून घर दाखवायचं. आत काही बोलवायचं नाही, कारण आत कित्येक वर्षांत ब्रश लागलेला नव्हता. स्वयंपाकघरात छताचे पोपडे भांड्यात पडायचे. मी तोंड वाजवायची, आणि हे म्हणायचे, आतलं काय, घरचंच आहे.

माझी आई आमच्याकडेच असते. आधी भावाकडे होती. तिथं एकदा तिनं सुनेला एवढंच सांगितलं, की माझ्या खोलीत अडगळ नका भरू. त्यावरून असा काही तमाशा झाला, की महिन्याभरात ती एक पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. तेव्हापासून तिनं कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. चहा निवला तरी तसाच पिते. मागची खोलीही तिनं आपणहून घेतली, हवेशीर आहे म्हणाली. हे तिला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, खोटं कशाला सांगू. तिच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवतात. मला वाटायचं, चला, माझ्या आईचं म्हातारपण तरी मार्गी लागलं.

मागच्या वादळात समुद्राकडच्या घरांच्या काचा फुटल्या आणि जो तो खिडक्यांना शटर बसवायच्या मागे लागला. आम्हीही गेलो. आईला पाय मोकळे करायला म्हणून सोबत घेतलं.

दुकानदार शहाणा माणूस. त्यानं पहिल्यांदा विचारलं, समुद्र घराच्या कोणत्या अंगाला? मी म्हटलं, मागच्या. त्यानं विचारलं, मोठी खिडकी कुठली? मी म्हटलं, तीही मागचीच. आणि आमच्या यांनी विचारलं, निळ्यात आहे का?

मी कपाळाला हात लावला.

दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक साधा पन्हाळी पत्रा. खिडकीच्या वर आणि खाली भिंतीत लोखंडी पट्ट्या ठोकायच्या, वादळाची बातमी आली की पत्रा त्यात सरकवून बोल्ट आवळायचे. दिसायला एखाद्या गोदामासारखा. दुसऱ्या होत्या बिजागरीच्या झडपा. मजबूत, घडीव, उघड्या असल्या की खिडकीच्या दोन्ही बाजूंना ऐटीत उभ्या. यांचा जीव तिथंच अडकला. पत्र्याकडे तर बघेनात. पट्ट्या ठोकायच्या म्हणजे रंगवलेल्या भिंतीला भोकं, आणि भोकं म्हटली की यांच्या अंगाला भोकं पडतात.

तेवढ्यात आई पुढं झाली. पत्र्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "हा माझ्या खिडकीला बरा पडेल का हो?"

इतक्या दिवसांत तिनं मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. हे हसले. अगदी प्रेमानं हसले, तेच तर दुःख आहे. म्हणाले, "आई, मागे कोण बघतंय?"

आईनं हात काढून घेतला. झडपा घेतल्या त्या फक्त पुढच्या खिडक्यांना. मी दुकानदारासमोर वाद नको म्हणून गप्प बसले, पण घरी आल्यावर मात्र सोडलं नाही. तेव्हा यांनी मला समजावलं, की पुढच्या झडपा बघून कामं येतील, मग मागचंही करू. तोवर प्लायवूड आहेच. आणि खरंच, परांचीवरची एक जुनी, रंगाचे शिंतोडे पडलेली फळी आणून आईच्या खिडकीवर खिळ्यांनी ठोकून दिली. पुढच्या झडपांना मात्र निळ्याच्या किती छटा लावून पाहिल्या! येणाजाणाऱ्यांना थांबवून विचारायचे, ही बरी की ती? आईलाही बोलावलं. आई म्हणाली, छान दिसतंय.

वादळ आलं ते दिवसाढवळ्या, जेवणं उरकल्यावर. यांनी पुढच्या झडपा लावल्या, आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसलो. आई आडवी होते म्हणून तिच्या खोलीत गेली होती. मी तिला इथंच थांब म्हटलं, तर म्हणाली, तुम्हाला अडचण कशाला. झडपा काही बोलायला तयार नव्हत्या. कुठं कुरकुर नाही, हादरा नाही. हे माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. आणि मग मागून असा आवाज आला, की आम्ही दोघं आईच्या खोलीकडे धावलो.

फळी गेली होती, आणि फळीपाठोपाठ काच. आम्ही दार ढकललं तर ते उघडेना, इतका आत वारा. दोघांनी खांदे लावून उघडलं. आई खिडकीपाशी उभी होती, गादी उभी करून खिडकीवर दाबत होती. ओलीचिंब. हातातून रक्त येत होतं आणि तिचं त्याकडे लक्षच नव्हतं. आम्हाला हाक मारावी, हे काही तिला सुचलं नव्हतं. यांनी तिला उचलून बाहेर आणलं, दार ओढलं आणि वादळ सरेपर्यंत पाठ लावून त्या दाराशी बसून राहिले. माझ्या तोंडाला जे आलं ते मी यांना बोलले.

दुसऱ्या दिवशी गल्ली आमच्या दारात. सगळ्यांच्या घराचं काही ना काही गेलेलं, आणि आमच्या पुढच्या झडपांना ओरखडासुद्धा नाही. एक कंत्राटदार आला होता, समुद्राकाठच्या हॉटेलाचं काम करणारा. मान तिरकी करून यांच्यासारखाच बघत होता. म्हणाला, आमच्या हॉटेलालाही अशाच बसवा आणि रंगही हाच द्या. तेवढ्यात आई हाताला पट्टी बांधून बाहेर आली. त्यानं विचारलं, आजी, हे काय झालं?

हे मान खाली घालून उभे. मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "काही नाही हो, मीच वेंधळी. सगळं नीट बंद केलेलं होतं. मीच उघडून बघायला गेले."

कंत्राटदार हसला. म्हातारी माणसं ऐकतात कुठं, म्हणाला. मग त्यानं यांना विचारलं, कधी सुरू करता? मी यांच्याकडे बघत होते. वाटत होतं, आता बोलतील, आता खरं काय ते सांगतील. हे म्हणाले, सोमवारपासून. मला भर गल्लीत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गर्दी पांगल्यावर हे झाडू घेऊन आईच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले. हे काचा गोळा करू लागले. आई उशी पिळत होती. झाडता झाडता हे म्हणाले, "आई, खोटं का बोललात? खरं सांगितलं असतंत तरी मी रागावलो नसतो."

"नसता रागावला," आई म्हणाली. "पण मला इथं राहायचंय ना, जावईबापू."

तक्रार म्हणून नाही म्हणाली. विचारलं म्हणून सांगितलं. मी समजत होते की माझी आई माझ्या घरी हक्कानं राहतेय. ती मात्र इतकी वर्षं आमची मर्जी सांभाळत होती, रोज, चहाच्या कपापासून. आणि मला, तिच्या पोटच्या मुलीला, याचा पत्ता नव्हता.

हे मटकन खाली बसायला गेले. आईनं पटकन त्यांचा दंड धरला, त्याच पट्टीच्या हातानं.

"तिथं नका बसू," ती म्हणाली. "काच आहे."