मामांच्या खिशातली गोळी

घराबाहेर पाऊल टाकण्याआधी मामा शर्टाचा खिसा चाचपून पाहत. तिथे अँटिबायोटिक गोळ्यांची पट्टी असे. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नसे आणि मामा डॉक्टरकडे जात नसत. शिक्रापूरच्या एका कंपनीत ते कंत्राटी कामगार होते. पोट बिघडून खाडा झाला तर गेटवरूनच परत पाठवतील, ही त्यांना कायमची धास्ती. म्हणून पोट बिघडायच्या आधीच गोळी. "चोर यायच्या आत कडी लावावी," ते म्हणत.

शिक्रापुरातच त्यांच्या भाड्याच्या खोलीत राहून मी शिरूरच्या कॉलेजात शिकले. आमच्या घरात तोवर कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. "तू फकस्त वाच. बाकीचं माझ्यावर सोड," एवढंच ते सांगत.

पाबळच्या एका लग्नात पंगतीत बसल्याबसल्या त्यांनी गोळी काढली. शेजारचे आप्पा म्हणाले, "पाव्हणं, नवरीवाल्यांनी इख घातलंय का काय?"

"तुम्ही जेवा आप्पा. तुमाला सकाळची फस्ट शिफ्ट न्हाई."

पंगत हसली. मामाही हसले. तेव्हा ते हसत असत.

मग एका उन्हाळ्यात गोळ्या घेऊनही जुलाब थांबेनात. मामा आणखी गोळ्या घेत गेले. अंग वाळत चाललं. पण मला जास्त भीती वाटली ती त्यांच्या मनाची. थट्टा संपली. एसटीचं नाव काढलं की त्यांना घाम फुटे. मामी ताकात भाकरी कुस्करून पुढे ठेवायची, आणि ते ताटात साप असल्यासारखे मागे सरकायचे. हा माणूस आपल्या हातून जातो की काय, असं वाटून माझं पुस्तकात लक्ष लागेना.

शेवटी मीच त्यांना शिरूरला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आतड्यात चांगले जिवाणूही राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात, वाइटांना थारा देत नाहीत. पोट आणि मेंदू एकमेकांना सतत निरोप धाडतात, त्यातही त्यांचा हात असतो. तुमच्या गोळ्यांनी तेही मारले."

मामांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली होती.

"म्हंजी लांडग्याच्या भ्यानं मी राखणीची कुत्रीच मारली म्हणा की."

उपचारानं पोट हळूहळू सावरलं. भीती मात्र मागे राहिली. खिसा रिकामा होता, तरी हात तिथेच जायचा. कामावर ते चालत जात, एसटीत पाय ठेवत नसत.

माझा पदवीदान समारंभ ठरला. "मामा, तुम्ही यायचंच."

"गाडीत पोट बिघडलं तर? चार लोकांत तुझी शोभा व्हायची, पोरी."

मामी एकटीच आली. तिच्या शेजारची खुर्ची मी मंचावरूनही पाहिली. रिकामीच होती.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही फाटकाबाहेर आलो. समोर, रस्त्यापलीकडे सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीला टेकून मामा उभे होते. शर्ट घामानं भिजलेला. मामीच्या मागच्या एसटीनं ते एकटेच आले होते.

"आत का नाही आलात?"

"हितनं लाउडस्पीकर ऐकू येतो," ते म्हणाले. हात पुन्हा खिशावर गेला होता. "तुझं नाव घेतलं तवा मात्र दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या."