सख्खा म्हणवणारा सेर्जिओ

सेर्जिओने मला फसवलं. नव्वदीच्या दशकात ओसाकातल्या माझ्या मसाल्याच्या दुकानात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं आली, पण एवढं गोड बोलून फसवणारा दुसरा भेटला नाही.

पहिल्याच दिवशी राजम्याचं पाकीट हातात तोलत तो म्हणाला, "इर्मांव, भाव कमी कर." चेहरा जपानी, जन्म ब्राझीलचा, आईची आई स्पेनमधल्या गालिसियातली. ब्राझीलमध्ये शाळेत पोर्तुगीज आणि लॅटिन शिकवायचा, इथे कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवायचा. आम्ही बोलायचो मोडक्या जपानीत.

"इर्मांव म्हणजे?"

"भाऊ. लॅटिनमध्ये सख्ख्या भावाला दोन शब्द लागायचे. त्यातला 'भाऊ' गळून पडला, 'सख्खा' तेवढा राहिला. आजीच्या गालिसियनमध्येही तसंच, इर्मान."

कोणी सख्खा म्हणायला लागला की मी आधी त्याचा हात कुठे आहे ते बघतो. याचा पाकिटावर होता.

त्याला मुलगी झाल्यावर म्हणाला, "ही तुला तिओ म्हणेल."

"काका की मामा?"

"लॅटिनमध्ये दोघांना वेगळे शब्द होते. दोन्ही गेले. तिओ ग्रीकांकडून आला, दोन्हीकडे चालतो."

बाजू न सांगणारं नातं! माझा संशय वाढला.

"मग बाप्तिस्म्याला ये. आपण कोंपाद्रे होऊ." मुलीचा बाप आणि तिचा धर्मपिता एकमेकांना असं म्हणतात. "बापाच्या जोडीचा बाप," त्याने फोड करून सांगितलं. इथे मात्र मी विरघळलो. पुण्याहून चांदीचे वाळे मागवले, दुकान बंद ठेवलं. चर्चमध्ये बघतो तर धर्मपिता म्हणून त्याचा चुलतभाऊ उभा!

"फादर म्हणाले, बाप्तिस्मा झालेलाच माणूस लागतो."

"हे तुला आज कळलं? मास्तर ना तू?"

"वाटलं होतं, सख्खा भाऊ आहे म्हटल्यावर ऐकतील."

वाळे खिशात घालून मी चालता झालो.

ब्राझीलला परतण्याआधी तो एकदाच आला. राजमा घेतला, पाकिटावरच्या किमतीएवढे पैसे गल्ल्याशेजारी ठेवले. घासाघीस नाही, इर्मांव नाही. भावाशी हुज्जत घालतात. पूर्ण पैसे देऊन जातो तो परका.

वाळे अजून माझ्या खणात आहेत. ती पोर आता मोठी बाई झाली असेल, तिच्या पायात ते शिरायचे नाहीत. सेर्जिओ, नाव तू दिलंस, नातं तू लावलंस. मग मला नुसता दुकानदार करून कोणत्या हक्काने गेलास? उत्तर दे.