मंगळीच्या पायाची पट्टी

पनवेलच्या दवाखान्यात हदासाबाई चौदा वर्षं लोकांच्या जखमा बांधत होत्या. इतर बेने इस्रायली कुटुंबांसारखा भाऊही इस्रायलला जाऊन स्थायिक झाला होता. दर सणाला त्याचं पत्र येई, ‘आता तरी ये.’ बाई उत्तर लिहीत, ‘हातातली पट्टी बांधून झाली की निघते.’

कुठल्या जखमेला काय हवं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. भाजल्यावर सुका कापूस लावायचा नाही, तो चिकटतो; उकळलेल्या जाळीदार कापडाला, म्हणजे जाळीला, व्हॅसलीन लावून ती ठेवायची, वर बेताची पट्टी. पण गावाला काय हवं, हेही त्या शिकल्या होत्या. पापड भाजताना बोट पोळलेली सून हळूच म्हणे, “बाई, मनगटापर्यंत बांधा ना.” बोटापुरती पट्टी सासूला दिसत नसे. मनगटापर्यंतची दिसली की जातं दोन दिवस गप्प राही.

नेऱ्याकडच्या वीटभट्टीवरची मंगळी लंगडत आली. पावलावर तापलेली वीट पडली होती आणि कोणीतरी कापूस थापला होता. मिठाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून बाईंनी तो सोडवला, जाळी ठेवली, सुबक पट्टी बांधली.

“आठ दिवस पाय जमिनीला लावायचा नाही. माती गेली तर सडेल.”

मंगळी पट्टीकडे बघत बसली. “बाय, येवढीशी? मुकादम मानायचा नाय. भट्टीवरच्या देवजीची पट्टी बारकी दिसली, तर त्याला चिखल तुडवायला लावला.”

बाईंनी धुऊन ठेवलेल्या जुन्या पट्ट्यांचं टोपलं पुढे ओढलं. घोट्यापासून गुंडाळायला लागल्या त्या गुडघ्यापाशी थांबल्या. वर लाल औषधाचे दोन ठिपकेही दिले. औषध आत चार बोटं जागेत होतं. बाकीचं सगळं मुकादमासाठी.

चौथ्या दिवशी मंगळी बैलगाडीतून जाळी बदलायला आली. नवी पट्टी गुडघ्यापर्यंत बांधून होते तोच मुकादम दारात.

“येवढं काय झालंय हिला? सोडून दाखवा.”

बाईंनी कात्री उचलली. “दाखवते की. फक्त मधेच सोडली की आठ दिवस आजपासून मोजायचे.”

मुकादमाने मनात हिशेब केला. “राहू द्या, राहू द्या.” मग जाता जाता वळून त्याने चिरलेला अंगठा पुढे केला. “हे जरा बांधा. दिसेल असं बांधा, उद्या शेठ यायचेत.”

हदासाबाईंनी अंगठा नीट धुतला, दोन वेढे दिले, गाठ मारली.

“येवढीच?”

“जखम एवढीच आहे.”

बाकावर मंगळीने पदर तोंडाशी धरला.