पाव्हण्याचं नाव

विमाकाका कुठल्याही दुकानात शिरले की आधी वर बघत. छपराचे पत्रे, हुक, कैच्या नजरेखालून गेल्या की मगच मालकाला रामराम. "माणूस कुठं उडून जातोय?" असं म्हणत.

ते श्रीगोंद्यात सरकारी विमा कंपनीचे एजंट. बाबांचे दोन गाळे आहेत, एकात आमची पिठाची गिरणी, दुसरा भाड्याने. त्यांचा वादळाचा विमा काकांनीच काढलेला. पण 'वादळ' हा शब्द ते उच्चारत नसत. सापाला लोक 'जनावर' म्हणतात, तसं ते वादळाला 'पाव्हणा' म्हणत. "नाव घेतलं की येतं ते." वैशाखात आभाळ पिवळं पडलं की त्यांचा फोन यायचा, "पाव्हणा निघालाय. गिरणी बंद करा."

एका दुपारी तो आलाच. गिरणीचे पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी काका भरपाईचा अर्ज सांगायला बसले, चष्मा घरी विसरून. लिहायला मी. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी अर्ज पहिलाच. अर्जात 'पाव्हणा' हा शब्द चालतो का, हे विचारायची लाज वाटली. त्यांनी सांगितलं तसं शुद्ध करून लिहिलं: 'काल दुपारी अचानक पाहुणे आले व सर्व पत्रे घेऊन गेले.' बाबांनी उघड्या गिरणीकडे बघत सही केली.

कंपनीचं उत्तर आलं. चोरी या विम्यात बसत नाही.

पावसाळा तोंडावर होता. मोटर भिजली असती तर गिरणी संपलीच. बाबांचं जेवण सुटलं. मी काकांसमोर पत्र ठेवलं आणि खाली बघत राहिले.

"तू बरोबर लिव्हलंस पोरी," ते म्हणाले. "चूक माझ्या तोंडाची हाय."

आम्ही नगरच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी विचारलं, "हे पाहुणे कोण?"

काकांनी टोपी काढली, हातात फिरवली. वर बघितलं. वर स्लॅब होता.

"वादळ," ते म्हणाले, अगदी हळू.

"मोठ्यानं सांगा."

"वादळ आल्तं, साहेब."

बाहेर पडल्यावर बसस्टँडपर्यंत ते आभाळाकडेच बघत चालले. पावसाआधी गिरणीवर नवे पत्रे चढले.

काका गेल्या हिवाळ्यात वारले. आज विम्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी गिरणीत बसून भरते आहे. दुपारपासून आभाळ पिवळं आहे आणि फोन वाजलेला नाही.

"कशाकशाचा लिहिलास?" जात्याच्या आवाजात बाबा मोठ्यानं विचारतात.

"आग, पूर," मी वाचते.

"आणि?"

तिसऱ्या चौकोनातही मी खूण केलेली आहे. मी वर पत्र्याकडे बघते.

"पाव्हणा," मी म्हणते.

बाबा बाहेर डोकावतात आणि गिरणी बंद करतात.