गाळप हंगाम आणि चक्रवाक

त्या दुष्काळी वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, माझ्या चिलिका सहलीतल्या बावीसपैकी एकवीस जणांनी एकाच दिवशी नावं काढून घेतली. सगळे बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे कामगार. उसाअभावी कारखाना बंद होता. शेजारच्या जिल्ह्यातून ऊस मिळाला आणि सुरू होण्याची नोटीस लागली. नावं काढायला आलेल्यांनी माझ्यासाठी पेढे आणले.

नाव न काढलेले एकटे शिवलिंगआप्पा. ते पॅनमन. उकळत्या पाकात साखरेचा दाणा धरला की नाही, हे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन नजरेनं ठरवणारा माणूस.

मी बीडमधून स्वस्तातल्या सहली काढतो. स्लीपरचा डबा, धर्मशाळा, पीठ आणि आचारी आपला. कारखान्याची सहल नेहमी मे महिन्यात, कारण हिवाळाभर गाळप, म्हणजे उसाचा हंगाम असतो. ओडिशातल्या या पाणथळ सरोवराची सहलही मी सवयीनं मेमध्येच लावली होती. चूक आप्पांनी काढली.

"साहेब, पाखरं हिवाळ्यात येत्यात. मे मदी काय बघावं? निस्तं पाणी?"

"पाणी तरी इथं कुठं आहे?"

"ते बी खरं हाय," आप्पा हसले. "पर मला चक्रवाक बघायचेत."

चक्रवाक हे नारिंगी अंगाचं बदक. आप्पांच्या लहानपणी ते गावच्या तलावावर उतरायचं. नोकरी लागल्यापासून त्यांचे सगळे हिवाळे पॅनवर गेले. "यंत्रांच्या आवाजात कदी ऐकू बी आले न्हाईत," ते म्हणाले. पुढे तलाव आटला. आता त्यांना काचबिंदू होता. यात नजर कडेनं कमी होत जाते. पुढच्या हिवाळ्याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. म्हणून सहल जानेवारीत घेतली होती.

बाकीच्यांनी नावं काढली त्याच संध्याकाळी कारखान्याच्या चीफ केमिस्टचा फोन आला.

"आप्पांना गाडीत बसवू नका. दुसरा पॅनमन सोडून गेलाय."

"त्यांच्या डोळ्यांचं माहीत आहे ना?"

"आहे. तरी समोरचा दाणा त्यांच्याइतका कुणाला कळत नाही."

आप्पांना विचारलं.

"एवढ्या लोकांचं काम सुरू व्हायलंय. मी कसा जाऊ? पर माझं नाव काढू नका. ऊस संपला की निघू."

ऊस फेब्रुवारीअखेर संपेल, असा अंदाज होता. पक्षी त्याच सुमारास परत निघतात. मी रोज दोन फोन करायचो. चिलिकाचा नावाडी सांगायचा, "आहेत, पण कमी झाले." कारखान्यातून कळायचं, आणखी ट्रॅक्टर आले.

"आप्पा, राहू द्या आता," मी एकदा म्हणालो.

"कावून? तुमाला कंटाळा आला व्हय?"

गाळप मार्चच्या पहिल्या आठवड्यात थांबलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परळीहून रेल्वेनं निघालो. सिकंदराबादला गाडी बदलली. नावाड्यानं पहाटे बांबूच्या रेट्यानं नाव लव्हाळ्यात घातली. उजाडल्यावर समोर चिखलाचा उंचवटा दिसला. त्यावर चक्रवाक उतरले होते. आप्पा उभे राहिले. नावाड्यानं त्यांना खाली बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

आप्पांनी बोटानं मोजले. अकरा भरले. नावाडी रोजची नोंद ठेवतो. त्या सकाळची त्याच्या वहीतली नोंद चौदाची आहे.